आजींनी कपाट उघडलं

ॲप्रनच्या खिशात फोन थरथरला आणि नेहमीसारखं तिचं कामातलं लक्ष उडालं. समोर पडद्यावर लोकांची साखर, लोकांचं हिमोग्लोबिन रांगेनं उभं होतं. मर्यादेबाहेर गेलेला आकडा ठळक दिसायचा, आणि तो दिसला की पुन्हा तपासायचा, एवढं तिचं काम. हिच्या नजरेतून काही सुटत नाही, असं लॅबमध्ये सगळे म्हणायचे. घरी नवराही हेच म्हणायचा, पण वेगळ्या सुरात.

तिनं फोन टेबलाखाली धरून बघितला.

‘आजींनी कपाट उघडलं.’

सकाळपासून हे कितव्यांदा, ते मोजायचं तिनं सोडून दिलं होतं. मोजलं की भीती वाटे, नाही मोजलं की जास्त वाटे.

कपाट म्हणजे स्वयंपाकघरातल्या सिंकखालचं. त्यात फिनेल, तुंबलेला पाइप मोकळा करायचं निळ्या बाटलीतलं औषध, झुरळांची पावडर आणि एका प्लास्टिकच्या डब्यात सगळ्यांच्या गोळ्या. घरात अडीच वर्षांची मुलगी. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण गोड वस्तू कुठंही दडवा, ही तिथं पोचलेलीच. आधी कपाटाच्या दोन्ही मुठींना दोरी गुंडाळलेली असायची आणि ती सोडताना घरातला जो तो वैतागायचा.

मग एक दिवस नवरा फुशारतच घरी आला. कुलपं बनवणाऱ्या एका नव्या कंपनीला चाचणीसाठी घरं हवी होती. साधी, सर्वसामान्य, लहान मूल आणि म्हातारं माणूस असलेली. त्यानं नाव देऊन टाकलं होतं, आणि त्यांची निवडही झाली होती.

“सर्वसामान्य म्हणून निवडलं, त्यात फुशारण्यासारखं काय आहे रे?” सासूबाई म्हणाल्या. “आणि म्हातारं माणूस कोण, ते आधी सांग.”

कुलूप बसवायला फिटर आला, त्याच्याबरोबर कंपनीची एक मुलगी. हातात टॅबलेट, तोंडात साखर. फिटर ओट्याखाली पाय मुडपून भोकं पाडत होता आणि मुलगी उभ्या उभ्या समजावत होती. चावी नाही, नंबर नाही, लक्षात ठेवायचं काही नाही. बोट लावलं की दार उघडणार. कुणी उघडलं ते घरातल्या मोठ्या माणसाच्या फोनवर येणार.

“आमचं म्हणणं असं आहे आजी, की तंत्रज्ञान घरात पाहुण्यासारखं नको, घरच्या माणसासारखं वागायला हवं.”

“घरच्यासारखं म्हणजे उलट बोलणारं का?” सासूबाई म्हणाल्या. मुलगी मनापासून हसली.

नवऱ्याचं बोट पहिल्या झटक्यात लागलं. हिरवा दिवा. तिचंही लागलं. मग सासूबाई पुढं झाल्या. पीं पीं, लाल दिवा.

“ओलं आहे का बोट? पुसून लावा,” मुलगी म्हणाली.

पुसून लावलं. लाल.

“जरा जोरात दाबा. नाही नाही, एवढं जोरात नको. दुसरं बोट बघू या? आता त्या हाताचं?”

लाल, लाल, लाल. फिटरनं खालून मान वर करून बघितलं. सासूबाईंनी उमेदीची सगळी वर्षं पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कागदाच्या घड्या घातल्या होत्या. अंगठ्यानं दाबून, नखानं रेघ ओढून, दिवसभर. बोटांची टोकं अशी गुळगुळीत झाली होती की त्या स्वतःच कधी कौतुकानं म्हणत, काच आहे काच.

“आई, तुझी बोटं सराईत चोराची दिसतात,” नवरा म्हणाला. “ठसाच सोडत नाहीस कुठं.”

सगळे हसले. तीही हसली. सासूबाई सगळ्यांच्या नंतर हसल्या आणि त्यांनी उजवा हात डाव्याखाली घेतला.

“काही हरकत नाही,” फिटर म्हणाला. “आजींची जागा मोकळी ठेवतो. हा दिवा लुकलुकत राहील. निवांत केव्हाही लावा. हिरवा झाला की समजा झालं.”

दुसऱ्या दिवशी ती लॅबमधून परतली तर सासूबाईंनी तिच्याकडं न बघताच सांगितलं, “झालं तुमचं ते.” तिनं ॲप उघडलं. ‘आजी’ या शब्दासमोर हिरवी खूण होती.

“बघ,” नवरा म्हणाला, “आईनं करून दाखवलं. लोक उगाच म्हणतात म्हाताऱ्यांना जमत नाही.”

“म्हातारं कोण, ते अजून कुणी सांगितलं नाही मला,” सासूबाई म्हणाल्या. पण आवाजात नेहमीचा कस नव्हता.

तेव्हापासून हे सुरू झालं होतं. दिवसभर खिशात तोच मेसेज. सकाळी भांडी घासायची असतात, फरशी पुसायची असते, इथवर ठीक. पण भर दुपारी, मुंगी झोपण्याच्या वेळेला? ती निजून उठते तेव्हा? कपाटात त्या वेळी लागण्यासारखं काय होतं? गोळ्यांचा डबा. आणि त्या डब्यात सासूबाईंची झोपेची गोळी होती, हात रात्री ठणकतात म्हणून डॉक्टरांनी दिलेली. एकदा हा विचार डोक्यात शिरला आणि मग काही केल्या निघेना. पडद्यावर कुणाची साखर दिसे आणि तिला दिसे, सासूबाई खुर्चीत मान टाकून घोरताहेत, आणि मुंगी खिडकीकडं स्टूल ओढते आहे.

“उंटावरून शेळ्या हाकणं बंद कर,” नवरा म्हणाला. “कंपनीनं फोनवर माहिती दिली ती तुझा जीव शांत व्हावा म्हणून. तू त्याच माहितीनं जीव टांगून बसलीस.”

“तुला काहीच विचित्र वाटत नाही?”

“वाटतं की. माझी आई कपाट उघडते आणि माझी बायको लॅबमध्ये दचकते. याहून विचित्र काय हवं?”

तिनं सासूबाईंनाच आडून विचारलं. आई, दुपारी काही दुखतं-खुपतं का? काही घ्यावं लागतं का?

“साबण लागतो, फडकं लागतं,” सासूबाई म्हणाल्या. “कपाट उघडण्यासाठी असतं की बघत बसण्यासाठी? तुझं ते यंत्र चहाड्या करतं वाटतं माझ्या.”

“तसं नाही आई.”

“तसंच आहे. पण असू दे. घरच्यासारखं वागतंय बिचारं.”

तिनं तो विषय तिथंच सोडला. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं लॅबजवळच्या एका पाळणाघराचा पत्ता काढून ठेवला. नुसता काढून ठेवला. कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही.

आणि अशात कंपनीच्या मुलीचा फोन आला. तिचा आनंद फोनमध्ये मावत नव्हता.

“मॅडम, आमच्या चाचणीतल्या सगळ्या घरांमध्ये तुमच्या आजी पहिल्या! इतका वापर कुणाचाच नाही. ज्येष्ठ लोक याला हातसुद्धा लावणार नाहीत, असं आमचे वरचे लोक म्हणत होते. तुमच्या आजींनी सगळ्यांची तोंडं बंद केली. आम्हाला त्यांच्यावर एक छोटी फिल्म करायची आहे. जाहिरात म्हणा ना. आजी बोट लावतात, दार उघडतं, आजी हसतात. बास.”

रात्री जेवताना तिनं हे सांगितलं. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

“मला नको ते. माझा फोटो वाईट येतो.”

“फोटो नाही आई, फिल्म,” नवरा म्हणाला. “आणि करायचंय काय तुला? नुसतं बोट तर लावायचं.”

“नुसतं बोट,” सासूबाई म्हणाल्या, आणि ताट अर्धं ठेवून उठल्या.

“लाजतेय,” नवरा हलक्या आवाजात म्हणाला. त्यानं कंपनीला होकार कळवूनही टाकला होता.

शूटिंगच्या आदल्या दिवशी लॅबमध्ये एक भानगड झाली. एका थकलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांचा रिपोर्ट तिच्यासमोर आला आणि आकडे बघून ती थांबली. सगळं मर्यादेत. नुसतं मर्यादेत नाही, अगदी खेळाडूला शोभेल असं. यंत्रावर बसणारा मुलगा म्हणाला, “ताई, यंत्र कालच तपासलंय, आकडा शंभर टक्के बरोबर आहे.” ती म्हणाली, “आकडा बरोबर आहे रे, माणूस चुकलाय. नळीवर नाव एकाचं आणि आत रक्त दुसऱ्याचं. परत मागव.” आणि तसंच निघालं. घाईत लेबलं बदलली गेली होती.

हे निस्तरून ती जरा बाहेर आली आणि तिनं घरी फोन लावला. सासूबाईंनी बऱ्याच वेळानं उचलला.

“अगं, बाल्कनीत आहे. कपडे वाळत घालतेय. चिमटे काही केल्या उघडत नाहीत मेले, हे नवीन आणलेत तू, फार घट्ट आहेत.”

“मुंगी कुठंय?”

“आत खेळतेय. तिला कुठं जायचंय? तू कामं कर तुझी.”

तेवढ्यात कानाशी धरलेला फोन थरथरला. तिनं तो कानावरून काढून समोर धरला.

‘आजींनी कपाट उघडलं.’

आजी फोनवर होत्या. आजी बाल्कनीत होत्या. मागं रस्त्यावरचा हॉर्नसुद्धा ऐकू येत होता. आणि मग, नाव एकाचं आणि आत दुसऱ्याचं, हे तिच्या मनात आलं म्हणण्यापेक्षा तिच्या अंगावर आलं.

“आई! आई, आत जा! मुंगीकडं पळा, कपाट उघडलंय!”

“काय?”

“मुंगीनं कपाट उघडलंय! पळा!”

बादली आपटल्याचा आवाज आला. फोन कुठंतरी पडला, पण बंद झाला नाही. दूर जाणारी पावलं, दार भिंतीवर आदळल्याचा आवाज, आणि त्यानंतर काहीच नाही. तिनं फोन कानात खुपसला. लॅबच्या दारात कुणी पेशंट तिला काहीतरी विचारत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते. आई, आई, एवढंच ती म्हणत राहिली, आणि आपण कुठल्या आईला हाक मारतोय ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

मग पावलं परत आली.

“आहे,” सासूबाई म्हणाल्या. श्वास लागला होता. “आहे. बसलीये. बिस्किट खातेय.”

“कसलं बिस्किट? कपाटात बिस्किटं कशी?”

उत्तराची वाट बघायला वेळ नव्हता.

“आई, तिच्या तोंडाचा वास घ्या. हात बघा. बाटल्या बघा.”

“निळी बाटली आडवी पडलीये,” सासूबाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक झाला होता की तो त्यांचा वाटेना. “थोडं सांडलंय. फ्रॉकच्या कडेला लागलंय, पायाला नाही. तोंडात नाही गेलं. नाही गेलं गं. मी बघितलं.”

“फ्रॉक काढा. नळाखाली धरा तिला. धरूनच ठेवा. मी येते.”

ती घरी कशी पोचली ते तिला नंतर सांगता आलं नसतं. जिन्यावर चपलेचा अंगठा तुटला, ती चप्पल तिथंच टाकून ती अनवाणी वर गेली. मुंगी टॉवेलात गुंडाळलेली, ओल्या केसांची, आणि अजिबात न घाबरलेली. तिनं मुलीला उघडं करून तळव्यापासून कानापर्यंत तपासलं. जिभेखाली बोट घालून बघितलं. मुंगी त्या बोटाला चावली आणि हसली. मग कपाट बघितलं. पुसून कोरडं केलं होतं. खालच्या कप्प्यात, झुरळांच्या पावडरीच्या मागं, बिस्किटांचा डबा. आणि निळी बाटली, तिचं झाकण नुसतं वर टेकवलेलं.

“झाकण का नाही लावलं?” तिनं विचारलं. “आई, या बाटलीचं झाकण कुणी असं सैल ठेवलं?”

सासूबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. “मीच. घट्ट लावलं तर मला परत उघडत नाही.”

मुंगी खाली उतरली, कपाटाशी गेली, अंगठा लावला. टिक् झालं, दार उघडलं. तिनं मागं वळून आजीकडं बघितलं आणि हात पुढं केला. बिस्किट.

तिनं दार मिटलं आणि मुंगीला मागं ओढलं.

“तुम्ही शिकवलंत.”

“मी उघडायला शिकवलं नाही,” सासूबाई चिडून म्हणाल्या. “उघड म्हणून पाठवलंही नाही कधी. मी तिला कडेवर घेऊन अंगठा लावायची. बिस्किटं आतच ठेवली होती, एक दिलं की लावू द्यायची मुकाट. एकटीनं जाईल हे मला काय माहीत?”

“मुंगी आहे ती! बिस्किट जिथं, तिथं ती जाणारच. आई, विषाच्या कपाटाची चावी तुम्ही तिच्या हातावर ठेवलीत!”

“हो, ठेवली!” सासूबाईंचा आवाज चढला. “मग काय करू? तुम्ही सगळे हसत होतात, आणि ते मेलं लाल लाल करत होतं. म्हातारी आहेस असं म्हणालं असतं तरी चाललं असतं. ते म्हणत होतं, तू नाहीसच. ओट्याशी मीच उभी, आणि माझ्याच घरातलं फडकं काढायला मी नाहीच. दुसऱ्या दिवशी तू गेल्यावर सगळी बोटं लावली. पुसून लावली, तेल लावून लावली, गरम पाण्यात बुडवून लावली. ही शेजारी उभी होती. हिनं आपला अंगठा पुढं केला, आणि त्यानं घेतला. लगेच. हिरवा.”

“तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“कुणाला? तुझ्या नवऱ्याला? जाहिरात केली असती त्यानं माझी. आणि तुला सांगितलं असतं…” सासूबाई थांबल्या. त्यांनी हाताची मूठ वळायचा प्रयत्न केला. ती अर्ध्यात अडली. “बोटं वळत नाहीत गं माझी. सकाळी तर नाहीच. हे तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू पाळणाघर शोधलं असतंस. खोटं आहे का?”

तिला नाही म्हणायचं होतं. पण पाळणाघराचा पत्ता तिच्या पर्समध्ये होता. तिनं पर्स जवळ ओढली, आणि सासूबाईंना काय समजायचं ते समजलं.

संध्याकाळी तिनं ॲपमधून तो अंगठा काढून टाकला. निळी बाटली, पावडर, गोळ्या, सगळं माळ्यावर चढवलं. नवऱ्यानं सगळं ऐकलं, मुंगीला छातीशी घट्ट धरलं, बराच वेळ बोलला नाही. आणि मग जे बोलला ते ऐकून तिला वाटलं, हा गप्प होता तेच बरं होतं.

“उद्या ते लोक येताहेत. आता नाही कसं म्हणायचं?”

“खरं सांगून.”

“कुणासमोर? कॅमेऱ्यासमोर आईचं हसं करायचं? त्यापेक्षा शूटिंग उरकू दे. बोट जवळून दाखवतात तिथं माझं घेतील. मग कुलूप काढून टाकू. आईची अब्रू राहील, विषय संपेल.”

आईची अब्रू. रात्रभर ती मुंगीच्या श्वासावर कान ठेवून पडली. सकाळी उठून बघते तर सासूबाई तिच्याआधी आवरून बसलेल्या. केस विंचरलेले, तोंड मिटलेलं.

कंपनीच्या मुलीबरोबर कॅमेरावाला आला, दिवे आले, वायरी आल्या. स्वयंपाकघर कोंबडीच्या खुराड्यासारखं भरलं. तिनं कंपनीच्या मुलीला बाजूला, बाल्कनीत नेलं आणि सगळं सांगितलं. लहान मुलीचा अंगठा, बिस्किट, निळी बाटली. मुलीचा चेहरा उतरला. बाळ बरं आहे ना, हे तिनं आधी विचारलं. मग टॅबलेटवर काहीतरी वर-खाली केलं.

“मॅडम, म्हणजे कुलपाचा दोष नाही ना? ते बरोबर चाललं. नोंद चुकीची झाली.”

“नोंद चुकीची का झाली, ते मी सांगितलं तुम्हाला.”

“हो, पण इथं दोनच पर्याय आहेत. कुलूप बिघडलं, किंवा वापरणाऱ्याची चूक. तिसरं काही लिहायला जागाच नाही.” तिनं खरोखरच टॅबलेट पुढं करून दाखवला. “माझ्या हातात असतं तर… आज निदान फिल्म करून घेऊ या का? सगळे आलेत. बोटाचा क्लोजअप सरांचा घेऊ. कुणाला कळणार नाही.”

“नेमकं तेच मी म्हटलं हिला,” दारातून नवरा म्हणाला.

आणि तिचा बांध फुटला. “कुणाला कळणार नाही, हीच तर अडचण आहे! तुमची जाहिरात बघून कुणीतरी आपल्या आईसाठी हे आणेल. तिचंही बोट लागणार नाही. तिलाही सगळे हसतील. आणि तिच्याही शेजारी एखादं पोर उभं असेल. त्या घरात फोन नेमका त्या क्षणी लागला नाही तर?”

“हळू,” नवरा म्हणाला. “आई ऐकेल.”

“ऐकतेय,” आतून सासूबाई म्हणाल्या.

त्या ओट्यापाशी, दिव्यांच्या झोतात उभ्या होत्या. कॅमेरावाल्याला म्हणाल्या, “तुझं चालू झालं का ते?”

“हो आजी. पण जरा थांबा, अजून ताईंनी…”

“चालू राहू दे.”

त्यांनी उजव्या हाताचा अंगठा कुलपावर ठेवला. पीं पीं. लाल. मग पहिलं बोट. लाल. मधलं. लाल. एकेक बोट त्या नीट ठेवत होत्या, दाबत होत्या, उचलत होत्या, जशा कधी काळी एकेक कागद मोडत असतील तशा. कुणी हसलं नाही. मुंगी बापाच्या कडेवरून ओरडली, “आजी, मी! मी लावते!” सासूबाईंनी तिच्याकडं बघितलंही नाही. डावा हात. करंगळी सरळ होत नव्हती, ती त्यांनी दुसऱ्या हातानं धरून सरळ केली आणि टेकवली. लाल.

“कट,” कंपनीची मुलगी कशीबशी म्हणाली. “आजी, पुरे.”

“कट कशाला? तुला आजी बोट लावताना हवी होती ना? ही घे. सगळी बोटं घे.” आणि मग, कॅमेऱ्यातल्या काचेकडं बघून, जरा केस सारखे करून, “माझं नाव याच्यात आहे. पण मी नाही. ती माझी नात आहे. तुमच्या वरच्या लोकांना हे दाखव, आणि दाखवून झालं की मला सांग, ते हसले का.”

मुलीनं टॅबलेट छातीशी धरला. दाखवेन, असं म्हणाली. दाखवलं का, ते पुढं कळलं नाही. दोन दिवसांनी फिटर येऊन कुलूप काढून घेऊन गेला. भोकं बुजवायचं साहित्य त्याच्याकडं नव्हतं.

लॅबमधला पुढचा सोमवार तिला जड गेला. खिशातला फोन थंडगार. कपाट कुणी उघडलं, कुणी मिटलं, आता काही कळायचा मार्ग नव्हता, आणि मेसेजांनी जितकं छळलं होतं त्याहून ही शांतता जास्त छळत होती. तिनं दोनदा फोन काढला आणि ठेवला. संध्याकाळी पाळणाघर बघायला जायचं ठरलं होतं. नवऱ्याला सांगितलं होतं. सासूबाईंना कसं सांगायचं, ते ठरत नव्हतं.

फोन वाजला तेव्हा तिनं पेन टाकून तो काढला. घरून होता. सासूबाई तिला कामाच्या वेळी आपणहून कधीच फोन करत नसत.

“काय झालं? आई, काय झालं?”

“काही झालं नाही. ओरडतेस काय? फ्रॉकचं मागचं बटण लागत नाहीये मला. केव्हाची झटतेय. पोरगी उघड्या पाठीनं हिंडतेय घरभर. म्हटलं सांगून ठेवावं.”

“असू दे. हिंडू दे तशीच.”

“आणि ऐक. दुधाची पिशवी मी दातांनी फोडते.”

“बरं.”

“बरं काय? तुला आवडणार नाही ते. गॅसचं बटण सकाळी एका हातानं फिरत नाही, दोन्ही लावावे लागतात. तेव्हा तिला मी पाळण्यात बसवते, उगाच मनात काही आणू नकोस. आणि न्हाणीघराची कडी मला आतून लावता येते, काढताना अडते. म्हणून लावतच नाही.”

गॅस. कडी. हे सगळं इतके दिवस त्या घरात चाललं होतं, आणि ती लॅबमध्ये बसून झोपेच्या गोळीची काळजी करत होती. मागं यंत्रावरचा मुलगा खुणा करत होता, रिपोर्ट अडलेत, माणसं बाहेर थांबलीत. तिनं हातानंच त्याला थांब म्हटलं.

“आई,” ती म्हणाली, “मी संध्याकाळी एक पाळणाघर बघायला जाणार आहे. सकाळच्या वेळेपुरतं. तुमची बोटं मोकळी होईपर्यंत. तुम्हीही चला.”

पलीकडं मुंगी कुणाला तरी रागावत होती, बहुतेक बाहुलीला.

“कुणाला ठेवायचंय?” सासूबाईंनी विचारलं. “तिला की मला?”

तिला हसू आलं. “ते बघू. ज्याला घेतील त्याला.”

“बघू म्हणजे? मला विचारून ठरवायचं. मी बघणार, दारांच्या कड्या बघणार, तिथली बाई किती बोलते ते बघणार. नाही पटलं तर नाही.”

“नाही पटलं तर नाही.”

“हं.” मग जरा थांबून, “तुला वेळ आहे का आत्ता?”

बाहेर माणसं खोळंबली होती. यंत्रावरचा मुलगा दारात येऊन उभा राहिला होता. तिनं त्याच्याकडं पाठ केली आणि खुर्ची भिंतीशी ओढून घेतली.

“आहे. सांगा.”

“अजून बरंच आहे,” सासूबाई म्हणाल्या. “ते कपड्यांचे चिमटे तर तू बदलूनच आण आधी.”